सूर मरतो कसा

मामाने हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवता ठेवता म्हणाला, "सगळां बरोबर आसा गो बाय. पण सूर मरता कसो, तां हेच्यात नाय." आणि उठून चहा टाकायला आत गेला. रविवारची दुपार होती. लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत पंखा घरघरत होता, खाली कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं, आणि माझ्या लॅपटॉपवर दोन आलेख एकावर एक चपखल बसले होते. निळा मामाच्या बेंजोला जोडायच्या जुन्या डबीचा, लाल तिची नक्कल करणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमचा. तीन आठवडे रात्री जागून मी ते जुळवले होते. कधी एकदा मामाला दाखवते असं झालं होतं. त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून एकच सूर चार वेळा ऐकला, दर वेळी पार शेवटपर्यंत, जिथे माझ्या मते ऐकण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

ते वाक्य घेऊन मी पुण्याच्या गाडीत बसले. कर्जत येईपर्यंत त्याच्यावर चिडले होते, आणि घाट चढताना लक्षात आलं की मी आजवर त्या सुराचा शेवट ऐकलाच नव्हता.

मामा बेंजो वाजवायचा. शास्त्रशुद्ध नाव बुलबुल तरंग, पण गिरणगावात त्याला त्या नावाने कुणी ओळखत नाही. टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताने ती दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. वाद्याचं मूळ जपानात, नागोयात १९१२ साली बनलेल्या ताइशोगोतोमध्ये. पण आमच्याकडे त्याला पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला, ते ट्रकवर चढलं आणि गणपतीच्या मिरवणुकीचं झालं. लहानपणी अनंत चतुर्दशीच्या रात्री मी आईच्या कडेवर झोपून जायचे आणि मध्येच बेंजोच्या आवाजाने दचकून उठायचे. तो आवाज गोड कधीच नव्हता. कडेने करकरीत, मधे मधाळ, आणि गर्दीच्या, ताशाच्या, जनरेटरच्या आवाजातून वाट काढत पुढे येणारा. ती करकर बेंजोची नव्हे, मामाच्या डबीची आहे, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

डबी पत्र्याची, तपकिरी रंगाची, पानाच्या डब्याएवढी. लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या कारागिराने नव्वदच्या दशकात बनवून दिलेली. झाकणाचे चार स्क्रू काढले की आधी वास येतो: जुन्या सोल्डरचा, बॅटरीच्या गंजाचा आणि थोडासा उदबत्तीचा, कारण दसऱ्याला ती बेंजोच्या शेजारी पूजेत असते. आत आठ पायांचा ७४१ आयसी, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक पॉट, म्हणजे कमीजास्त करायची खुंटी, जी फिरवली की खरखरते. आयसी तारेचा आवाज कितीतरी पटींनी फुगवतो. मग तो आवाज २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुढे जातो आणि तिथे जमिनीकडे जाणाऱ्या तीन वाटा लागतात: ०.०१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर आणि दोन १एन४१४८ डायोड, एक सुलटा, एक उलटा. लाट साधारण अर्धा-पाऊण व्होल्टच्या आसपास चढली की डायोड उघडतात आणि तिचं डोकं दाबून धरतात. मिरवणुकीची ती सगळी करकर या दोन काचेच्या दाण्यांत. दाणे तांदळाएवढे. मी भिंग धरून पाहिले. काचेच्या आत नारिंगी झाक आणि एका टोकाला काळा पट्टा.

डबी आता थकली आहे. स्विच कधी लागतो, कधी लागत नाही, आणि पॉटची खरखर सुरापेक्षा मोठी झाली आहे. मामाचा नातू लॅपटॉपवरून वाजवतो. त्याला म्हटलं, आजोबांची डबी मी तुला लॅपटॉपमध्ये बनवून देते. हे बोलणं सोपं होतं, आणि त्यापुढचा पहिला प्रश्न मला तेव्हा किरकोळ वाटला: हे गणित करायचं कशात?

माझं पोट मोटर कंट्रोलवर चालतं आणि कामावर दिवसभर मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडं असतं. क्लीव्ह मोलर यांनी ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिहिलं ते विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता मॅट्रिक्सचं गणित करता यावं म्हणून, आणि आजही त्याचा जीव मॅट्रिक्समध्येच आहे. बोटांना त्याची इतकी सवय की बाजाराची यादीसुद्धा मी चौकटी कंसात लिहीन. पण कामावरचा परवाना घरच्या डबीसाठी वापरायचा नाही हे मी मनाशी ठरवलेलं, म्हणून घरी ऑक्टेव्ह घेतलं, मॅटलॅबसारखंच पण फुकट. भाषा जवळपास तीच. आणि नाव ऑक्टेव्ह! मला कित्येक वर्षं वाटायचं की हे सप्तकावरून ठेवलं असणार, म्हणजे गाण्यातल्या माणसाचंच काम. प्रत्यक्षात ते ऑक्टेव्ह लिहिणाऱ्या जॉन ईटन यांच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांवरून आलंय, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील. हे कळल्यावर थोडा विरस झाला, पण शिक्षकाचं नाव असं रोज कुणाच्या तरी पडद्यावर उजळतं, हेही मला आवडलं.

त्या पहिल्या खेपेला मी निवड अशी केलीच नव्हती. हाताला होतं ते उचललं. आणि हाताला जे आलं त्याने मला काय करायला सांगितलं? ऑक्टेव्हमध्ये आवाज म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब रांग. रांगेला एक फलन लावा, दुसरी रांग मिळते. एका ओळीचं काम. डायोड लाट दाबतात ना, मग टॅन हायपरबोलिक लावा: मधे सरळ, दोन्ही टोकांना सपाट, दिसायला अगदी डायोडसारखं. मी आत जाताना ०.६ ने भागलं, बाहेर येताना ०.६ ने गुणलं, एका जोरकस सुराचं रेकॉर्डिंग घेतलं, आलेख जुळवले. निळ्यावर लाल. मामाला ऐकवायला नेलं ते हेच.

रांगेत प्रत्येक आकडा एकटा असतो, आणि मामाच्या डबीत कुठलाच क्षण एकटा नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी वही काढली. सॉफ्टवेअर नाही, वही. रेझिस्टर, कंडेन्सर आणि डायोड जिथे मिळतात त्या गाठीवरचा करंट लिहिला: रेझिस्टरमधून येतो तेवढाच कंडेन्सरमध्ये आणि दोन डायोडमध्ये जातो. डायोडचा करंट व्होल्टेजच्या घातांकाने वाढतो, दोन उलटसुलट डायोड मिळून साइन हायपरबोलिक होतो. तीन पदांचं समीकरण. स्टॅनफर्डमधल्या डेव्हिड ये यांच्या २००९ च्या प्रबंधात हाच तुकडा आहे, रेझिस्टर, कंडेन्सर, दोन डायोड. डिस्टॉर्शनचं गणित शिकणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. लॅमिंग्टन रोडच्या कारागिराने प्रबंध वाचलेला नव्हता. त्याने कानाने बसवलेल्या तुकड्याचं समीकरण मात्र तेच.

समीकरण सोडवायला मॅक्सिमाकडे गेले. मॅक्सिमा हे अक्षरांचं गणित करणारं सॉफ्टवेअर, एमआयटीत साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या मॅकसिमाचं (Macsyma) पुढचं रूप. विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये जाईपर्यंत ते एकट्याच्या हिमतीवर सांभाळलं आणि सगळ्यांसाठी खुलं करून ठेवलं. त्याचा पडदा अजून साधाच आहे, चित्रं नाहीत, मेनू बेताचे. मला ते रात्री अकरानंतर वापरायला फार बरं वाटतं, शांत माणसाशी बोलल्यासारखं. कंडेन्सर बाजूला ठेवून मी त्याला म्हटलं, व्होल्टेज काढून दे. त्याने समीकरण इकडचं तिकडे करून तेच मला परत दिलं. आधी वाटलं माझंच लिहिण्यात चुकलंय. मग ध्यानात आलं की ते खरं बोलतंय. डायोड एकच असता तर लँबर्टच्या डब्ल्यू फलनाने उत्तर लिहिता येतं. उलटसुलट दोन आले की असं बंदिस्त उत्तर मिळत नाही. हे व्होल्टेज एका ओळीत मावत नाही. ते दर क्षणाला शोधावं लागतं. ऑक्टेव्हने मला ही अडचण कधी जाणवूच दिली नव्हती, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं.

मग ते व्होल्टेज हाताने शोधत बसले. डायोडचे नेहमीचे आकडे घेतले, गळतीचा करंट २.५२ नॅनोअँपिअर आणि आयडिअॅलिटी फॅक्टर १.७५२, आणि एक मरता सूर मनात धरला: आयसीतून बाहेर पडताना ४ व्होल्ट, मग २, मग १, मग अर्धा. तार थरथरत थांबते तेव्हा असंच होतं, निम्मं, मग निम्म्याचं निम्मं. खऱ्या डायोडवर ४ व्होल्टला ०.६० मिळतात, २ ला ०.५६, १ ला ०.५२ आणि अर्ध्याला ०.४३ च्या जवळपास. म्हणजे पहिल्या निम्म्याला सुमारे ४० मिलिव्होल्ट गेले, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला ८७. सूर पायरीपायरीने उतरतो, पहिल्या क्षणापासून उतरतो. माझ्या टॅन हायपरबोलिकमध्ये तेच गणित केलं. पहिल्या निम्म्याला गेले जेमतेम २ मिलिव्होल्ट. दुसऱ्याला ४०. तिसऱ्याला दीडशे. वर पठार, आणि पठार संपलं की कडा.

वहीतल्या त्या दोन ओळींकडे मी बराच वेळ बघत होते. जोरकस सुराला दोन्हीकडे ०.६०, म्हणून आलेख जुळले. मामाने जे ऐकलं ते पुढच्या ओळींत होतं: खरा सूर निघाल्यापासून निरोप घेत असतो, माझा सूर शेवटपर्यंत ताठ उभा राहून एकदम कोसळतो. मेण आणि साबण यांच्यात फरक असतो तेवढा. आणि यात कंडेन्सर अजून धरलेला नव्हता! सूर जोरात असताना लाटेच्या माथ्यावर डायोड इतके उघडे असतात की त्यांची वाट तीसेक ओहमचीच, कंडेन्सर असून नसल्यासारखा. सूर क्षीण झाला की डायोड मिटतात आणि मग २.२ किलोओहम आणि तो कंडेन्सर मिळून ७.२ किलोहर्ट्झच्या वरचं कापू लागतात. म्हणजे सूर नुसता बारीक होत नाही, मऊही होतो. करकर आधी जाते, मधाळपणा मागे राहतो. लहानपणी आईच्या कडेवर मी जे ऐकलं होतं त्याचं कारण मला त्या रात्री वहीच्या पानावर सापडलं, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

या गणिताची खातरजमा करायला साक्षीदार हवा होता. तो स्पाइस, सर्किट न बांधता संगणकावर चालवून दाखवणारा. बर्कलीत १९७३ च्या सुमारास लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी जगापुढे आणलेला प्रोग्रॅम. आज सर्किट तपासायचं म्हटलं की त्याचंच कुठलं ना कुठलं भावंड हाती येतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने बांधलेल्या ई-सिमच्या पोटातही एनजीस्पाइस हे भावंडच आहे. मी एलटीस्पाइस हे दुसरं भावंड घेतलं, एकाच कारणासाठी: त्यात व्होल्टेज सोर्सला आवाजाची वेव्ह फाइल देता येते आणि कुठल्याही गाठीवरचा आवाज वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढता येतो. सर्किटमधून बेंजो वाजवता येतो! मामाचा चार सेकंदांचा सूर आत सोडला आणि कणीक भिजवायला गेले. पोळ्या झाल्या, भाजी झाली, तरी ते चाललंच होतं. स्पाइस प्रत्येक वळणावर थांबतं, पाऊल लहान करतं, चाचपतं, मग पुढे सरकतं. घाई त्याच्या स्वभावात नाही. जेवणं झाल्यावर ऐकलं. तो सूर मरत होता.

पण नातवाला ट्रकवर वाजवायचंय. तिथे सेकंदाला ४४,१०० आकडे, म्हणजे एका आकड्याला २२.७ मायक्रोसेकंद, आणि एकही उशिरा आलेला चालत नाही. त्यामुळे शेवटचं काम पायथनमध्ये केलं, त्यातल्या नंपाय या पॅकेजच्या साध्या रांगांवर, आणि जमल्यावर सी प्लस प्लसमध्ये उतरवलं. सायपाय या पायथनच्याच पॅकेजमध्ये समीकरण सोडवायची तयार हत्यारं आहेत. ती मी मुद्दाम बाजूला ठेवली आणि न्यूटनची पद्धत, अंदाज सुधारत सुधारत उत्तराकडे जाणारी, हाताने लिहिली. बरं झालं लिहिली. पहिल्या दिवशी प्रोग्रॅम रांगत चालला. पाहते तर सुरुवातीचा अंदाज ४ व्होल्टला धरला होता आणि तिथे घातांक इतका उभा चढतो की न्यूटन दर पायरीला फक्त ४५ मिलिव्होल्ट खाली उतरत होता. ४ वरून ०.६ वर यायला पंचाहत्तर पायऱ्या! मागच्या क्षणाचं उत्तर हाच पुढच्या क्षणाचा अंदाज धरला, एका उडीला लगाम घातला, की तीन-चार पायऱ्यांत काम होतं. स्पाइसमध्ये असा लगाम फार पूर्वीपासून आहे. ती माणसं याच खड्ड्यात आधी पडली होती म्हणून. तयार हत्यार वापरलं असतं तर उत्तर तेच आलं असतं, पण हा खड्डा कुठे आहे ते मला कळलं नसतं, आणि तो ट्रकवर, गर्दीत, रात्री दोन वाजता कळला असता.

एक गोष्ट मात्र पायथनने शिकवली नाही, कानाने शिकवली. वरच्या पट्टीत वाजवलं की मागे एक बारीक शिट्टी उलट्या दिशेने जात होती, सूर चढला की ती उतरायची. लाट दाबली की तिच्या पटीतले सूर तयार होतात, आणि ४४,१०० च्या निम्म्याच्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या वर गेलेले सूर दुमडून खाली येतात. तारेच्या आवाजात ५,००० हर्ट्झचा अंश असेल तर त्याची सातवी पट ३५,०००, ती दुमडून ९,१०० ला येते. हा ९,१०० कुणाचाच नातेवाईक नाही. मामाच्या डबीत असं होऊच शकत नाही, तिथे काही दुमडत नाही. आठपट वेगाने गणित करून, वरचं गाळून मग परत खाली आणलं तेव्हा शिट्टी गेली. २२.७ मायक्रोसेकंदांत आता आठ वेळा तेच समीकरण.

ज्युलिया या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एसीएमई नावाचं पॅकेज आहे, सर्किट लिहून दिलं की आवाजासाठीचं मॉडेल तेच काढून देतं. मी ते वापरून पाहिलं, उत्तर जुळलं, आणि उद्या वीस-पंचवीस भागांचं सर्किट आलं तर मी त्याच्याकडेच जाईन. या डबीसाठी जायचं नव्हतं. या डबीचा प्रत्येक भाग मला माझ्या हाताखालून जायला हवा होता. कशात करायचं, हा प्रश्न मला किरकोळ वाटला होता; पण प्रत्येक सॉफ्टवेअर कशाकडे तरी पाठ फिरवायची मुभा देतं, आणि मी पहिल्या खेपेला ती मुभा न बघताच घेतली होती. ऑक्टेव्हचा यात काही दोष नाही. त्यात मी हेच समीकरण लिहू शकले असते. लिहिलं नाही, कारण त्याआधीच एका ओळीत आवाज आला होता आणि आलेख जुळले होते.

गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा लालबागला गेले. मंडळाच्या मांडवाचे बांबू रस्त्यात पडले होते, नातू खाली तालमीला गेला होता. या वेळी आलेख नेलाच नाही. बेंजोची वायर लॅपटॉपला लावली आणि मामापुढे ठेवली. त्याने तारा जुळवल्या, एक बटण दाबलं, नखी मारली, आणि बोट उचललं नाही. पंखा मी आधीच बंद केला होता. सूर उतरत गेला, करकर गेली, मऊ झाला, खालच्या रस्त्यावरच्या आवाजात मिसळला. मामाचं बोट बटणावरच. त्याच्या नखाशी तार अजून हलत होती, ती दिसत होती, ऐकू येत नव्हती. मग त्याने बोट काढलं. "आता बरो मरता," म्हणाला.

मी श्वास सोडला. तो डबी हातात घेऊन झाकण चाचपत होता. "आणि पहाटेक," तो म्हणाला, "चौपाटी जवळ इली काय एक बॅटरी उतरता. तेव्हा जो आवाज येता, तो खंय आसा?"

मी काही बोलले नाही. माझ्या समीकरणात बॅटरी नव्हतीच. आयसीमधून येतं ते ४ व्होल्ट, असं मी गृहीत धरून सुरुवात केली होती, आणि एलटीस्पाइसमध्येही आदर्श आयसी काढला होता, ज्याला वीज लागत नाही आणि जो कधी थकत नाही. दोन बॅटऱ्या, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. त्या सारख्या उतरत नाहीत. रात्रभर मिरवणूक चालली की एक आधी दमते, मग लाटेचं वरचं डोकं आणि खालचं डोकं वेगवेगळ्या उंचीला टेकतं. चहा होईपर्यंत मी त्याच टेबलावर एलटीस्पाइस उघडलं, आदर्श आयसी खोडला, वीज लागणारा बसवला, आणि त्याच्या दोन पायांना दोन बॅटऱ्या जोडल्या. एकीला ९ लिहिलं. दुसरीला किती लिहू म्हणून मामाला हाक मारली. तो आतून मल्टिमीटर घेऊन आला.